‘मागणी नाही’ म्हणून बाद केलेल्या विज्ञान कादंबऱ्यांबद्दल आमच्या वाचनालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आमचं तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय, जि. हिंगोली

विषय : निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तकं बाद करण्याच्या, ठरावाबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात बसस्टँडमागच्या रद्दीच्या दुकानात जुनी वर्तमानपत्रं घालायला गेलो होतो. दुकानदाराने तराजू मोकळा करायला एक गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि वरच्याच पुस्तकावर आपल्या वाचनालयाचा गोल शिक्का दिसला. जांभळा, अर्धवट उमटलेला, नेहमीसारखा. त्याच्यावर आडवा लाल शिक्का, ‘बाद’. पुस्तक होतं जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. मी मागचं पान उघडलं. तारखेच्या चिठ्ठीवर चार तारखा होत्या. त्यातल्या तीन माझ्या. चौथी कुणाची ते ठाऊक नाही, पण त्या माणसाला एकदा भेटायची फार इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन ठराव पाहिला. जागा कमी पडते, अभ्यासिकेची टेबलं वाढवायची आहेत, म्हणून ‘मागणी नसलेले’ ग्रंथ काढून टाकले, असं त्यात लिहिलं आहे. यादी मागितली तर दाखल रजिस्टरमध्ये बघा म्हणाले. बघितलं. काढलेल्या कथा-कादंबऱ्यांत विज्ञान कादंबऱ्या जवळजवळ सगळ्या गेल्या आहेत. जाड ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या तीन-तीन प्रती मात्र जागच्या जागी आहेत.

तोंडी बोललो, अर्ज दिला, उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. मी वीज कंपनीत ३३ केव्ही उपकेंद्रावर ऑपरेटर होतो. नोकरीतली निम्मी वर्षं रात्रपाळीत गेली. रात्रपाळीत दर तासाला लॉगशीट भरायची असते : व्होल्टेज, एकेका फिडरचे (गावांकडे जाणाऱ्या वाहिनीचे) अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान. हे काम सात-आठ मिनिटांचं. उरलेली पन्नास मिनिटं ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकत बसायचं आणि झोपायचं नाही. झोप लागू न देणारं पुस्तक कुठलं, याचा माझ्याइतका अभ्यास तालुक्यात कुणी केला नसेल. प्रेमाच्या कादंबरीवर दोनच्या पुढे डोळे मिटतात. रहस्यकथा एका रात्रीत संपते, आणि एकदा संपली की संपली. विज्ञान कादंबरी मात्र संपली तरी पहाटेपर्यंत डोकं चालू ठेवते, कारण तिने विचारलेला प्रश्न पुस्तकाबरोबर मिटत नाही. (किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री, गणपती बुडवून सगळे झोपले होते तेव्हाही मी ड्युटीवरच होतो. ती गोष्ट इथे नको.)

ही पुस्तकं मला तुमच्याच वाचनालयाने दिली, हे मी विसरलेलो नाही. तेव्हाचे ग्रंथपाल सायकलवरून जाताना उपकेंद्राच्या गेटवर थांबायचे आणि पिशवीतून पुस्तक काढून म्हणायचे, “हे घ्या, तुमच्या मशीनचं आहे.” ते आता नाहीत. त्यांनी घेतलेली पुस्तकंही आता नाहीत.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. तुम्ही म्हणता मागणी नाही. पण ही पुस्तकं वाचकाला सापडतील अशा जागी तुम्ही ठेवली होती कुठे? ‘वामन परत न आला’ माझ्या आठवणीत कायम धार्मिक कपाटात होतं, एका बाजूला दशावताराच्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला व्रतकथा. ‘प्रेषित’ संतचरित्रांत होतं. ‘व्हायरस’ मला आरोग्याच्या कपाटात मधुमेहावरच्या पुस्तकांना टेकलेलं सापडलं. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह बालविभागात परीकथांच्या रांगेत. चारही पुस्तकं जयंत नारळीकरांची, आणि एकाच लेखकाची चार पुस्तकं चार कपाटांत, चारही चुकीच्या. मी पहिल्यांदा हसलो होतो. तेव्हाच्या ग्रंथपालताईंना सांगितल्यावर त्यांनी ती एकत्रही केली होती. पुढे यादी कॉम्प्युटरवर चढवली तेव्हा जुन्या रजिस्टरातला विषय जसाच्या तसा उतरवला गेला आणि वामन पुन्हा दशावतारात जाऊन बसला.

व्रतकथा शोधायला आलेल्या आजींनी ते पुस्तक काढलं असेल, दोन पानं चाळली असतील, परत ठेवलं असेल. आणि ज्या पोराला ते हवं होतं ते धार्मिक कपाटापाशी कशाला फिरकेल? मग वर्षानुवर्षं चिठ्ठीवर तारीख पडत नाही, मग ते पुस्तक ‘मागणी नसलेलं’ ठरतं, मग किलोवर जातं. याला मागणी नसणं म्हणायचं असेल, तर फिडरचा ब्रेकर पाडून ठेवायचा आणि लॉगशीटवर लिहायचं, गावाला विजेची गरज नाही. आमच्याकडे असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो आला असता.

त्या पुस्तकात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणी ते उघडलं असेल असं मला वाटत नाही. जमिनीच्या पोटात खोलवर एक पेटी सापडते. केव्हाच नाहीशा झालेल्या, आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या एका संस्कृतीचा तो ठेवा. त्यातल्या माहितीवरून माणसं एक यंत्रमानव घडवतात, तोच हा वामन. तो हुशार आहे, उपयोगी आहे, आणि त्याला आपल्यासारखे आणखी घडवायचे आहेत. तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूचं नाव त्याला का दिलं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. मागणारा दिसतो लहान, आणि हो म्हणून बसल्यावर कळतं की पाऊल केवढं आहे. ही कादंबरी १९८६ सालची. आज माझा नातू मोबाईलवरच्या यंत्राला निबंध लिहायला सांगतो आणि ते लिहून देतं. त्याच्या शाळेत ‘एआय शाप की वरदान’ अशी वक्तृत्व स्पर्धा झाली, तेव्हा भाषणासाठी काय वाचू म्हणून त्याने विचारलं. मी त्याला वाचनालयात पाठवलं. तो हात हलवत परत आला. पुस्तक तेव्हा बहुतेक रद्दीच्या वाटेवर होतं.

दुसरी तक्रार जरा नाजूक आहे. मी ठरावाबद्दल विचारलं तेव्हा आपल्यापैकी एक सन्माननीय सदस्य म्हणाले, “कोण वाचायलंय हो आता ते उडत्या तबकड्यांचं? पोरं एमपीएससीचं मागायलेत.” पोरांना टेबलं हवीत हे मला मान्य आहे. घरी एका खोलीत सहा माणसं असलेली पोरं सकाळी सातला वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसतात, ते मी रोज फिरायला जाताना बघतो. त्यांना जागा द्याच. अनुदान वेळेवर येत नाही, ग्रंथपालांचा पगार किती आणि तो कधी होतो, हेही मला माहीत आहे. पण जागा करायची म्हटल्यावर पहिला हात याच पुस्तकांवर का पडला? कारण ती ‘उडत्या तबकड्यांची’ आहेत. म्हणजे पोरखेळ. मोठ्या माणसाने वाचायचं ते नव्हे.

हा समज एकट्या आपल्या वाचनालयाचा नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. मराठीत विज्ञान कादंबरी लिहिणाऱ्याचं एक ठरलेलं नशीब आहे : त्याचं नाव राहतं, पण दुसऱ्या कशासाठी तरी. अरुण साधू म्हटलं की ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’. दोन्ही मोठ्या कादंबऱ्या, वादच नाही. पण याच माणसाने ‘विप्लवा’ नावाची विज्ञान कादंबरी लिहिली, हे आपल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला येणाऱ्या किती वक्त्यांना माहीत असेल? नारायण धारप म्हणजे भुतं, असं समीकरण झालं आहे. रात्रपाळीत धारपांची भुतं वाचण्याचा प्रयोग मी एकदाच केला. त्यांची ‘नेनचिम’ मात्र पुन्हा पुन्हा वाचली. भुतांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या, तिचं नाव घेणारे कमी होत गेले. शुभदा गोगटे यांना लोक ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’मुळे ओळखतात. त्यांची ‘यंत्रायणी’ माणसाने कारभार यंत्राच्या हाती सोपवला तर काय, हा प्रश्न एका बाईच्या लेखणीतून मराठीत आणते, आणि विज्ञानकथा म्हणजे पुरुषांचा प्रांत असं मानणाऱ्यांनी ती मुद्दाम वाचावी. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख या दोघांनी मिळून लिहिलेली ‘देवांसी जिवे मारिले’ तर नावामुळेच कुठल्या कपाटात गेली असेल याची कल्पना करा. आपल्याकडे ती अभंगांच्या शेजारी होती.

खुद्द नारळीकरांचंच बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे पद्मविभूषण, पुढे २०२१ च्या नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. सगळं झालं. पण साहित्य अकादमीचा पुरस्कार आला २०१४ साली, आणि तो आत्मचरित्राला. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा आपल्याही वाचनालयात शोकसभा झाली. फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिलो. त्या सभेत मी हजर होतो. त्यांच्या एकाही कादंबरीचा उल्लेख झाला नाही. आणि आता त्याच कादंबऱ्यांवर ‘बाद’चा शिक्का. शोकसभेचा खर्च इतिवृत्तात आहे, निर्लेखनाचा ठरावही त्याच वहीत आहे. पानं काही फार लांब नाहीत.

एक पुस्तक मला वेगळं काढून सांगायचं आहे, कारण ते मी कंट्रोल रूममध्ये बसून वाचलं. सुबोध जावडेकरांचं ‘आकांत’. जावडेकर स्वतः रसायन अभियंते, आणि कादंबरी भोपाळच्या वायुकांडाच्या धगीतून आलेली. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात त्या रात्री मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळणारा वायू जाळून टाकायचा मनोराही जोडलेला नव्हता, हे पुढे सगळ्या जगाला कळलं. बाहेरच्या माणसाला ही बातमी वाटते. ज्याने रात्री दोन वाजता ‘हा अलार्म नेहमीच वाजतो’ म्हणत बटण दाबून तो गप्प केला आहे, त्याला ती बातमी वाटत नाही. मी तो असा गप्प केलेला आहे. ‘आकांत’ वाचल्यावर उठून टॉर्च घेतली आणि यार्डात ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन तेलाची पातळी डोळ्यांनी बघून आलो. मग ती सवयच लागली. एका पुस्तकाने एका ऑपरेटरला खुर्चीवरून उठवलं, एवढं तुमच्या ‘मागणी’च्या रकान्यात कुठे बसत असेल तर बसवा.

तिसरी तक्रार आपल्या मुलखाची आहे. मराठवाड्यात विज्ञान कादंबरीचं काय काम, असा एक सूर असतो. पाणी नाही, रोजगार नाही, आणि तुम्हाला अंतराळ सुचतंय. मी उलट म्हणतो. २०१५ च्या पावसाळ्यात आपल्या डोक्यावरून विमानं उडाली आणि ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारून पाऊस पाडायचा प्रयोग झाला. २०१९ ला पुन्हा झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन. १९८५ साली कुणी कादंबरीत लिहिलं असतं की एका शहराची तहान भागवायला पाण्याची आगगाडी येईल आणि लोक स्टेशनवर तिचं स्वागत करतील, तर तुम्ही ते पुस्तक बालविभागात ठेवलं असतं. विज्ञान कादंबरीत जे असतं त्यातलं बरंच आपण जगून झालं आहे. फक्त आपल्याकडून ते कुणी लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्याने आधी वाचलेलं असावं लागतं.

आणि औंढ्याचं काय? आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या बाजूला, लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, एकमेकांना काटकोनात, आणि आत लेसरचा झोत. हे यंत्र काय टिपणार? दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी लहर जाते, ती. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली. ती निघाली तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखं कुणी नव्हतं. सुमारे १३० कोटी वर्षं ती वाटेत होती. ती आली तेव्हा चार किलोमीटरच्या बाहूची लांबी प्रोटॉनच्या एका लहानशा अंशाइतकीच बदलली, आणि तेवढा बदल मोजला गेला. हे काम आता ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी होणार आहे. नामदेवांच्या नरसीपासून फार दूर नाही.

जमिनीचे भाव वाढले म्हणून चौकात या प्रकल्पाची चर्चा असते. ते यंत्र नेमकं काय ऐकणार आहे, असं मात्र मला आजवर दोघांनीच विचारलं. एक माझा नातू, दुसरा चहावाला. दोघांनाही मी म्हटलं, ‘कृष्णविवर’ नावाची गोष्ट आहे, ती वाचा, मग बोलू. ज्या जिल्ह्यात कृष्णविवरांचा कानोसा घेणारं यंत्र बसणार, त्या जिल्ह्याच्या वाचनालयात ‘कृष्णविवर’ मिळत नाही. हे मला सहन होत नाही. पत्र लिहिण्याचं खरं कारण विचाराल तर हेच.

आणखी एक, जाता जाता. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन करतो, कविसंमेलन होतं, पोवाडा होतो. दुसऱ्या दिवशी, २८ ला, राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. तो आपण शाळांवर सोडून देतो. एक दिवस भाषेचा, लगेच दुसरा विज्ञानाचा, आणि दोन्हींना धरून असलेलं पुस्तक दोन्ही दिवशी कपाटात, तेही दुसऱ्याच्याच.

मागण्या मोठ्या नाहीत.

१. निर्लेखनाचा ठराव तूर्त थांबवा. काढलेल्या आणि काढायच्या पुस्तकांची संपूर्ण यादी लेखक-नावासह फलकावर लावा आणि सभासदांना हरकत घ्यायला एक महिना द्या. यापुढे दरवर्षी हीच पद्धत ठेवा.

२. ‘विज्ञान कथा-कादंबरी’ असा स्वतंत्र विषय रजिस्टरमध्ये आणि कॉम्प्युटरवर उघडा. एक कप्पा पुरे. तो देवघेवीच्या टेबलाजवळ, डोळ्यांच्या उंचीवर हवा. गोदरेजच्या कपाटात सर्वांत खाली, जिथे बसून बघावं लागतं, तिथे नको. चुकीच्या विषयात गेलेली पुस्तकं शोधायला मी रोज दोन तास येईन. विनामूल्य. चष्मा माझा.

३. पुढच्या ग्रंथखरेदीत यादीतला काही भाग यासाठी राखा. नारळीकर, साधू, धारप, गोगटे, लोंढे, जावडेकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे इथून सुरुवात करता येईल. नव्याने लिहिणाऱ्यांनाही घ्या. जे बाजारात नाही ते दुसऱ्या वाचनालयांकडून मागवा, प्रकाशकांना पत्र लिहा. दहा वाचनालयांनी लिहिलं तर आवृत्ती निघायला निमित्त होतं.

४. येत्या २७ च्या संध्याकाळी कविसंमेलन झाल्यावर लगेच सतरंज्या गुंडाळू नका. एका विज्ञान कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने वाचू द्या. वाचायला माणूस मी देतो, गरज पडली तर मीच वाचतो. अभ्यासिकेतल्या पोरांनाही बोलवा. त्यांना रामन परिणामाची तारीख पाठ असते. त्या तारखेच्या आदल्या रात्री त्यांनी अर्धा तास पुस्तक बाजूला ठेवून दुसरं पुस्तक ऐकलं तर त्यांची पोस्ट जाणार नाही.

यातली पहिली मागणी ठरावाची आहे, त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि मला पाच मिनिटं बोलू द्यावं, अशी विनंती आहे. ग्रंथपालताईंवर माझा काहीही रोष नाही. त्यांनी आदेश पाळला, आणि गठ्ठे बांधताना त्यांना वाईट वाटलं हे त्यांनी मला सांगितलं आहे.

आपला,
एक आजीव सभासद

ता. क. : रद्दीच्या दुकानातून मी आपल्या शिक्क्याची अकरा पुस्तकं वजनावर विकत घेतली आहेत. भरली साडेतीन किलो. ती माझ्या घरी कोरड्या जागी, लोखंडी पेटीत आहेत. ‘वामन’चं मलपृष्ठ सुटलं होतं, ते खळ लावून चिकटवलं आहे. तुम्ही कप्पा तयार ठेवा, मी त्याच दिवशी रिक्षाने आणून देतो. पैसे नकोत. फक्त दाखल क्रमांक जुनेच ठेवा, आणि तारखेची चिठ्ठी बदलू नका.